गाभण गाईचा खूर: एक पाय, दोन जीव

मागच्या वेळी आपण घोड्याच्या नालेविषयी बोललो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "घोड्याचं समजलं, पण गाईच्या खुराचा इतिहास कुठे आहे?" आज तेवढंच बोलू.

हा इतिहास उशिरा सुरू होतो. १७६१ मध्ये फ्रान्समधल्या लिऑं शहरात पशुवैद्यक विद्यालयाला मंजुरी मिळाली. त्याचे संस्थापक क्लोद बूर्जला हे घोडेस्वारीच्या शाळेचे प्रमुख होते. म्हणजे आधी घोडा. आपल्याकडे १८८६ मध्ये परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं आणि १८८९ मध्ये पुण्यात सरकारी जिवाणू-प्रयोगशाळा निघाली. तेव्हाचा मोठा शत्रू होता बुळकांडी. कळपच्या कळप मरत असताना लंगडणाऱ्या एका गाईकडे कोण बघणार?

गावात मात्र खुराचं ज्ञान होतं, पण ते बैलासाठी. बैल दोरांनी आडवा पाडायचा, चारही पाय एकत्र बांधायचे आणि पत्री ठोकायची. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, चार पायांना आठ पत्र्या. गाईला पत्री लागत नाही. पण तिच्या खुरात खडा रुतला, पू झाला, तर पाय हाती येण्याची माहीत असलेली रीत तीच: पाडणं.

इथेच अडचण येते. गाय साधारण नऊ महिने गाभण असते. शेवटच्या महिन्यांत तिला पाडलं, लोळवलं, तर गर्भाशयाला पीळ पडण्याची भीती. बरं, उपचारच नको म्हणावं, तर दुखऱ्या पायाची गाय बसून राहते, चारा कमी खाते आणि विताना अशक्त असते. दोन्हीकडून धोका.

म्हणून या इतिहासातली पहिली मोठी वस्तू म्हणजे औषध नव्हे, तर खोडा. दवाखान्यासमोर लाकडी किंवा लोखंडी चौकट दिसते ना, तोच. गाय उभी राहते, पोटाला ताण येत नाही आणि दोराने एकच पाय वर घेता येतो.

दुसरं पाऊल भूल देण्याचं. १९०८ मध्ये जर्मन शल्यविशारद ऑगस्ट बीर यांनी माणसासाठी एक पद्धत मांडली. हातापायाला वर घट्ट पट्टा बांधायचा आणि खालच्या शिरेत भुलीचं औषध द्यायचं. पुढे ती गाईच्या पायासाठीही रूढ झाली. बधिर होतो फक्त पाय. गाय जागी राहते.

तिसरा धडा महागात पडू शकणारा आहे. १९६० च्या दशकात न्यूझीलंडचे ग्रॅहम लिगिन्स यांनी मेंढ्यांवर दाखवलं की डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड दिलं की वेळेआधीच प्रसूती होते. गाभणपणाच्या शेवटच्या काळात गाईतही तेच घडतं. म्हणजे खुराची सूज उतरावी म्हणून दिलेल्या इंजेक्शनने गाय गाभडू शकते! म्हणूनच डॉक्टर आधी विचारतात, "गाभण आहे का? कितवा महिना?" हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही.

आणि शेवटी लाकडाचा तुकडा. गाईच्या खुराला दोन नख्या. एक दुखरी असेल, तर खराब भाग कोरून साफ करायचा आणि दुसऱ्या, निरोगी नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवायचा. भार तिकडे जातो, दुखरी नखी अधांतरी राहते आणि आराम पडतो. नेदरलँड्सचे पशुवैद्य तुसाँ रावेन यांनी १९७० च्या दशकात खुराच्या निगेची शिस्तशीर पद्धत मांडली. दुखऱ्या नखीवरचा भार काढणं, हे तिचं एक मुख्य सूत्र आहे. लाकूड रक्तात जात नाही, त्यामुळे वासरापर्यंतही काही पोहोचत नाही.

बघा, खोडा, पायापुरती भूल, ठोकळा. तिन्हींत साम्य एकच: पायावर इलाज करताना पोटातला जीव कुणी विसरलं नाही. घोड्याच्या शास्त्राला हा विचार फारसा करावा लागला नव्हता. गाईने तो करायला लावला.

पुढच्या वेळी बुळकांडीची गोष्ट.