फ्लॅश गेलं, आता अभ्यास कशाचा करायचा?

वर्ध्याचं मगन संग्रहालय 1938 साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालं. तिथे मांडलेला चरखा बघता येतो, चाक आणि चाती कशी जोडलीय तेही कळतं. पण वेबवर हलणाऱ्या चित्राचा इतिहास लिहायचा, तर मांडून काय ठेवाल? प्रपोजलमध्ये हा प्रश्न बहुतेक जण शेवटच्या पानावर ढकलतात. माझ्या मते तो पहिल्या पानावर हवा.

आयआयटी मुंबईचं 'ऑस्कर' घ्या. पूर्ण नाव ओपन सोर्स कोर्सवेअर ॲनिमेशन्स रिपॉझिटरी. कॉलेजातले अवघड विषय ॲनिमेशनने समजावणारा चांगला उपक्रम. यातली बरीच ॲनिमेशन्स फ्लॅशमध्ये होती. म्हणजे नावात ओपन सोर्स, पण ती चालवणारा फ्लॅश प्लेअर अडोबीचा! 31 डिसेंबर 2020 ला कंपनीने त्याला रामराम ठोकला आणि 12 जानेवारी 2021 पासून प्लेअरने फ्लॅश चालवणंच बंद केलं. फाईल हातात आहे, पण ब्राउझरमध्ये चालत नाही.

याउलट जेक्वेरी. जॉन रेसिगने ती जानेवारी 2006 मध्ये आणली. ॲनिमेशन हा तिचा एक भाग, पण कोड सगळ्यांना खुला. जुनी आवृत्ती उघडलात तर दिसेल, दर 13 मिलिसेकंदांनी वस्तू थोडी सरकवायची, बस्स. सुरुवातीला आणि शेवटी हळू, मधे वेगात. हे जमवायला कोसाइनचं एक सूत्र.

खरी गंमत 2011 ची. 1.6 आवृत्तीत 13 मिलिसेकंदांचं घड्याळ बाजूला ठेवून, ब्राउझर पडदा रंगवेल त्या तालावर चालायचं ठरलं. पण टॅब मागे गेला की ब्राउझर हा ताल थांबवतो. तेवढ्यात नवी ॲनिमेशन्स साचत जायची आणि टॅबवर परत आलं की सगळी एकदम धावायची. 1.6.3 मध्ये बदल मागे घेतला. तोच विचार परत आला 2016 मध्ये, 3.0 सोबत. नुसती आजची आवृत्ती वाचली तर मधली ही फसगत सापडतच नाही. जुन्या आवृत्त्या खुल्या आहेत म्हणून ती सापडते.

फ्लॅशच्या जुन्या फाईली आज 'रफल' या ओपन सोर्स एम्युलेटरवर बऱ्याच अंशी चालतात. इंटरनेट अर्काइव्हने तो नोव्हेंबर 2020 मध्येच स्वीकारला. पण तिथे दिसतं ते रफलने काढलेलं चित्र. म्हणून तळटीपेत फाईलच्या नावाशेजारी रफलची आवृत्तीही लिहा.