पैलतीराचे भय

इंग्रजीत भीतीला ‘फिअर’ म्हणतात, हे शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. पण हा शब्द मुळात भीतीचा नव्हेच. जुन्या इंग्रजीत तो अवचित ओढवलेल्या संकटाचा होता. जर्मन लोक आजही धोक्याला ‘गेफार’ म्हणतात. या बहिणींवरून पंडितांनी त्यांची आई ताडली: ‘फेर’च्या वळणाचा एक प्राचीन जर्मानिक शब्द. तो कुठे लिहिलेला सापडत नाही. लेकींच्या तोंडवळ्यावरून आई ओळखावी, तसाच हा प्रकार.

या आईचे माहेर मात्र आपल्या शेजारचे आहे. आपल्या ‘प’च्या जागी त्या भाषांत बहुधा ‘फ’ येतो. पितृ आणि फादर, पाद आणि फूट. परीकथा जमवणाऱ्या याकोब ग्रिमने १८२२ साली हा नियम मांडला. ‘फ’ पुसून ‘प’ लिहा, की ‘पर्’ हे मूळ हाती लागते. संकटाचा लॅटिन शब्द ‘पेरिकुलुम’ त्याच घरातला. ग्रीकांचा ‘पोरोस’ म्हणजे नदीचा उतार, इंग्रजांची ‘फेरी’ म्हणजे तर, आणि आपला ‘पार’! पलीकडे जाणे आणि जिवावर उदार होणे मुळात एकच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. गोदाकाठच्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. पूर ओसरला की तो ‘उतार मिळाला’ म्हणतो, आणि लग्न उरकले की ‘पार पडले’ म्हणून सुस्कारा टाकतो.

बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात गोदेच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन आहे. शनीच्या दर्शनाला आपण जातो ते हेच. १७६३ साली पुण्याची जाळपोळ करून निजाम अली औरंगाबादेकडे परतत होता. दिवस श्रावणाचे, गोदावरी दुथडी भरलेली. निजाम निम्मे सैन्य घेऊन पैलतीरी गेला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडेच राहिला. १० ऑगस्टला मराठे त्याच्यावर तुटून पडले. राघोबादादा वेढ्यात सापडले, तेव्हा अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी धावून जाऊन चुलत्याला सोडवले. विठ्ठल सुंदर रणात पडला. पलीकडे निजामाजवळ माणसे होती, तोफा होत्या. पण त्या पाण्यातून त्याला एक स्वारही अलीकडे धाडता आला नाही. पुढच्याच महिन्यात औरंगाबादेस त्याने तह केला.