माणिक चौकातला बाजार

कीर्तनात ‘बाजार’ हा शब्द आला की पुढचे काय ते श्रोत्यांना आधीच कळते. हा संसार म्हणजे दिवसभराचा बाजार, संध्याकाळी मोडायचाच. त्यात गुंतू नये, वेळेवर घरची वाट धरावी. दृष्टान्त जुना आहे आणि खोटाही नाही. पण नंदुरबारच्या माणिक चौकाकडे पाहिले म्हणजे तो अपुरा वाटतो.

मुक्ताईने जिच्या काठी देह ठेवला त्याच तापीच्या खोऱ्यात, पश्चिमेला, हे गाव आहे. बऱ्हाणपूरहून सुरतेच्या बंदराकडे जाणारा माल याच वाटेने जाई. ‘आईन-ए-अकबरी’त नंदुरबारची नोंद एका सरकारचे, म्हणजे सुभ्यातील मोठ्या विभागाचे, ठाणे म्हणून आहे. १६६६ साली इंग्रजांनी येथे वखार घातली. तराजू घेऊन आलेले हे पाहुणे पुढे काय झाले ते आपण जाणतोच. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरत–भुसावळ रेल्वे आली, १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि कचेऱ्या वाढल्या. आज जुन्या पेठेच्या बोळांत मोबाइलची दुकाने आहेत, गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळते, आणि सौद्याची बोली अहिराणीत सुरू होऊन गुजरातीत संपते. सातपुड्यातून उतरलेली माणसे आपली भिल्ली-पावरी घेऊन त्याच गर्दीत असतात.

या गर्दीत परमार्थाला जागा कुठे? नंदुरबारकरांचे उत्तर अनंत चतुर्दशीला पाहावे. दादा आणि बाबा हे गावाचे दोन मानाचे गणपती. विसर्जनाच्या मिरवणुकीत त्यांचे रथ जळका बाजारात समोरासमोर येतात. ही भेट कोणत्याही देवळाच्या सभामंडपात होत नाही, दुकानांच्या फळ्यांपुढे, भर रस्त्यात होते. आणि तिला नाव काय, तर ‘हरिहर भेट’!

वारकऱ्याला हे नाव ऐकताच नरहरी सोनार आठवावेत. कट्टर शिवभक्त, पंढरपुरात राहून विठ्ठलाचे तोंड न पाहणारे. एका सावकाराने देवासाठी करगोटा घडवायला सांगितला. माप घेऊन करावा तर कधी सैल, कधी घट्ट. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून नरहरी राउळात गेले. हाताला महादेव लागला, पट्टी काढली तर समोर विठ्ठल. कथा सांगताना आपण राउळातल्या साक्षात्कारापाशी रेंगाळतो. माझे लक्ष त्या मापापाशी जाते. गिऱ्हाइकाचे काम चोख झाले पाहिजे, हा धंद्याचा हट्ट नसता तर नरहरींची पायरी चढलीच नसती. आणि तुकोबाराय? देहूचे वाणी, महाजन. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली ही आख्यायिका दुकानाशिवाय घडतच नाही. सोडायला आधी काही हातात असावे लागते.

याच गावच्या व्यापारी घरातला शिरीषकुमार मेहता. घरची भाषा गुजराती, जन्म १९२६ चा. ‘चले जाव’च्या ठरावाला महिना उलटला आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी विद्यार्थ्यांची मिरवणूक गावातून निघाली. घोषणाही गुजरातीतच होती, आणि मराठी मुलांनी ती आपली म्हणूनच दिली. हाती तिरंगा घेतलेल्या शिरीषकुमारांनी पोलिसांपुढे छाती केली, असे गाव सांगते. गोळ्या सुटल्या. शिरीषकुमारांना सोळावे पूर्ण व्हायचे होते. त्यांच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हुतात्मा झाले. नावे एकदा पुन्हा वाचावीत. शहा, वाणी, मेहता. ज्यांच्या घरी वही, गल्ला आणि उद्याची उधारी होती, ज्यांना घरी बसायला सबळ कारण होते, अशा घरांतली ही मुले. बाजार माणसाला बांधतो म्हणतात. यांना बांधता आले नाही. आणि ते बाजार सोडून वनात गेले नाहीत, बाजाराच्याच रस्त्यावर उभे राहिले.

इंग्रजांची वखार पडल्याला तेव्हा २७६ वर्षे झाली होती.

माणिक चौकात या पाचांचे स्मारक आहे. भोवती रिक्षा, हातगाड्या, भाव करणाऱ्या बायका. शांतता नाही म्हणून कोणी हळहळते. मला ती हळहळ पटत नाही. ज्या गजबजाटात ही मुले वाढली, त्यातून त्यांना बाजूला का काढावे?

२०२२ साली अनंत चतुर्दशी नेमकी ९ सप्टेंबरला आली. हुतात्मा दिन आणि हरिहर भेट, दोन्ही एकाच तारखेला.