कांचळी
कांचळी (किंवा काचळी) ही बंजारा समाजातील स्त्रियांची पारंपरिक चोळी होय. बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आदी जिल्ह्यांतील तांड्यांवर ती फेटिया (घेरदार घागरा) व ओढणीसह वापरली जाते. नावाचा संबंध संस्कृत 'कंचुलिका' या शब्दाशी आहे. राजस्थानातही पाठ उघडी असलेल्या चोळीला हेच नाव आहे.

कांचळीला पाठ नसते. पुढचा भाग व बाह्या जाड सुती कापडाच्या असून ती पाठीमागे नाड्यांनी बांधतात. युरोपीय कॉर्सेटही पाठीमागे आवळला जातो, परंतु त्यातील ताठ पट्ट्या कांचळीत नसतात. नाड्यांमुळे एकच कांचळी अंग भरले किंवा उतरले तरी चालते. शेतमजुरी करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे.

ती शिवण्याचे काम परंपरेने घरीच, फावल्या वेळात होते व मुली ते आई-आजीकडून शिकतात. आरशाच्या तुकड्याला भोक नसल्यामुळे प्रथम त्याच्या कडांवरून आडवे-उभे धागे ताणतात, मग त्या धाग्यांत टाके गुंफून भोवती कडे विणतात. कवड्या व नाणीही लावतात.

तरुण पिढीत साडी व सलवार-कमीज रूढ झाल्याने कांचळी आता मुख्यतः वृद्ध स्त्रियांच्या अंगावर, तसेच लग्नात व तीज उत्सवात दिसते. बाजारात यंत्रावर शिवलेल्या, प्लॅस्टिकच्या आरशांच्या कांचळ्या मिळतात. जुन्या कांचळ्या व्यापारी विकत घेतात आणि त्यांचे भरतकाम कापून पिशव्या व उशांचे अभ्रे बनवले जातात. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.