चार-तृतीयांशाचं कोडं

मागच्या व्याख्यानात आपण ऊर्जा आणि वस्तुमान यांच्या नात्यापाशी थांबलो होतो. ऊर्जेला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागलं की वस्तुमान मिळतं आणि वेग कमी असेल तर त्याला वेगाने गुणलं की संवेग. हिशेब सरळ आहे. पण पदार्थ ताणलेला किंवा दाबलेला असेल तर तो चुकतो, आणि का चुकतो हे नीट कळायला १९११ साल उजाडावं लागलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माक्स अब्राहम या जर्मन शास्त्रज्ञाचं एक मोठं स्वप्न होतं. वस्तुमान म्हणजे शेवटी वीजच, असं त्याला दाखवायचं होतं. इलेक्ट्रॉन म्हणजे पृष्ठभागावर प्रभार असलेला एक बारीक गोल, असं समजा. त्याच्या विद्युतक्षेत्रात किती ऊर्जा आहे ते मोजा. आता गोल चालू द्या आणि क्षेत्राचा संवेग मोजा. ऊर्जेवरून जेवढा यायला हवा, त्याच्या चार-तृतीयांश पट येतो! हा एक-तृतीयांश जास्तीचा आला कुठून?

त्यात आणखी एक अडचण होती. लोरेंट्झच्या मते इलेक्ट्रॉन चालताना गतीच्या दिशेने आक्रसतो. अब्राहमने दाखवलं, की तसं असेल तर विजेपलीकडची काहीतरी ऊर्जा मानावी लागेल. म्हणजे एक तर त्याचं स्वप्न सोडा, नाहीतर लोरेंट्झचा इलेक्ट्रॉन सोडा.

१९०५ च्या जूनमध्ये प्वांकारेने साधा प्रश्न विचारला. एकाच जातीचा प्रभार, त्याचे भाग एकमेकांना दूर ढकलणार, मग हा गोल फुटत कसा नाही? त्याला धरून ठेवणारं काहीतरी हवं, आणि ते विजेचं नसणार.

आता आपण इलेक्ट्रॉन बाजूला ठेवू आणि एक दांडी घेऊ. तिच्या दोन्ही टोकांना दोन माणसं सारख्याच जोराने आत दाबताहेत, आणि सगळं मिळून उजवीकडे चाललंय. मागचा माणूस गतीच्या दिशेने ढकलतोय, म्हणजे तो दांडीला ऊर्जा देतोय. पुढचा गतीविरुद्ध ढकलतोय, म्हणजे दांडी त्याला ऊर्जा देतेय. तेव्हा दांडीतून मागून पुढे ऊर्जेचा अखंड प्रवाह चालू आहे. दांडीची स्वतःची ऊर्जा वाढत नाही, पण प्रवाह आहेच. आणि प्लांकने १९०८ मध्ये सांगितलं, की जिथे ऊर्जा वाहते तिथे संवेग असतो, मग ती ऊर्जा कुठल्याही प्रकारची असो.

जोर १००० न्यूटन आणि दांडी १ मीटर धरली, तर हा जास्तीचा संवेग एका किलोच्या नव्वद लाख कोटीव्या भागाएवढं वस्तुमान वाढल्यासारखा असतो. तराजूला कळणार नाही. पण इलेक्ट्रॉनच्या क्षेत्रात दाबाचा हाच वाटा ऊर्जेच्या बरोबर एक-तृतीयांश भरतो. एक अधिक एक-तृतीयांश, म्हणजे चार-तृतीयांश. सुटलं कोडं!

हे सगळं एका चौकटीत बसवलं माक्स फॉन लाऊएने, १९११ मध्ये, म्युनिकला असताना. त्याचं म्हणणं असं. बाहेरून कुणी धरलेलं नसेल, तर स्थिर पदार्थातले ताण आणि दाब एकमेकांना फेडतात. सायकलचं चाक आठवा. तारा ताणलेल्या असतात, रिम दाबलेली असते, बेरीज शून्य. म्हणून पूर्ण चाकाला साधा नियम लागू पडतो, नुसत्या तारांना पडत नाही. अब्राहमने नुसतं क्षेत्र मोजलं होतं, त्याला धरणारं मोजलं नव्हतं.

ट्राउटन आणि नोबल यांनी १९०३ मध्ये प्रभारित कंडेन्सर टांगून पाहिला होता. पृथ्वीच्या गतीमुळे तो वळेल अशी अपेक्षा होती, पण वळला नाही. त्याचं उत्तरही लाऊएने इथूनच दिलं. क्षेत्र त्याला वळवू पाहतं खरं, पण पट्ट्यांना धरणाऱ्या सांगाड्यातला ताणही हिशेबात घेतला की दोन्ही बरोबर फिटतात.

अब्राहमचं स्वप्न मोडलं ते असं. पण त्यातून ऊर्जा, संवेग आणि ताण एकाच तक्त्यात मांडायची सवय लागली, आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणात हाच तक्ता ठेवला. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.