कुत्र्या-मांजराला अचानक धाप लागली? मोबाईलचा असा करा उपयोग

मांजर तोंड उघडून श्वास घेतंय, हिरड्या निळसर किंवा राखाडी पडल्यात, कुत्रा मान ताणून बसलाय आणि आडवा व्हायलाच तयार नाही. अशा वेळी गुगल करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे निघा. अकोले किंवा जामखेडच्या गावातून नगर गाठायचं म्हणजे दीड-दोन तास सहज जातात, म्हणून निघतानाच फोन करा आणि ऑक्सिजनची सोय आहे का ते विचारा.

सोबत कोणी असेल तर त्याला ३० सेकंदांचा व्हिडिओ काढायला सांगा. बाजूने काढा, छाती आणि पोट दोन्ही दिसू द्या, आवाज चालू ठेवा. दवाखान्यात भीतीनेच श्वास वाढतो, त्यामुळे घरातला व्हिडिओ डॉक्टरांना जास्त सांगून जातो. श्वास आत घेताना घरघर होत असेल तर अडथळा बहुधा घशात किंवा नाकात असतो. श्वास सोडताना जोर लागत असेल तर दम्याची शंका येते. मांजराचा दम्याचा खोकला तर पुष्कळांना केसांचा गोळा काढतंय असाच वाटतो!

आता मोजणी. प्राणी गाढ झोपलेला असताना ३० सेकंद श्वास मोजा आणि दुप्पट करा. छाती वर-खाली झाली की एक श्वास. मिनिटाला ३० पेक्षा जास्त आकडा वारंवार येत असेल तर त्याच दिवशी दाखवा. यासाठी ॲप लागत नाही, स्टॉपवॉच पुरतं. फ्लॅशवर बोट ठेवून ऑक्सिजन दाखवणारे ॲप्स मात्र केसाळ पंजावर लावू नका, आकडा भरवशाचा नसतो.

डॉक्टर आधी ऑक्सिजन देतात, एक्स-रे नंतर. फुफ्फुसात पाणी साचलं असेल तर लघवी वाढवणारं इंजेक्शन देतात, फुफ्फुसाभोवती साचलं असेल तर सुईने काढतात. लक्षणं सारखी, इलाज वेगळा. म्हणून घरचं औषध नकोच. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे, त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदच जाते. जबरदस्तीने पाणीही पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. एप्रिल-मेच्या उन्हात पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला धाप लागली तर सावलीत घ्या, साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि मग निघा.

१९६२ हा सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे. तो मुख्यतः गुरांसाठी असला तरी गावात जवळ दवाखाना नसेल तर फोन करून विचारायला हरकत नाही. तो आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर आजच सेव्ह करा, रात्री कोण फोन उचलतं तेही विचारून ठेवा.