सेल्फ उतरवण्याआधी

चावी फिरवली, गाडीने नुसते ‘टक्’ केले, की सेल्फ गेला असे ठरवून लोक पाना हातात घेतात. मात्र सेल्फ गाडीतून काढला, की ज्या परिस्थितीत दोष दिसतो ती परिस्थितीच मोडते. म्हणून निदान गाडीवर, भार असताना करायचे आणि दुरुस्ती टेबलावर.

सेल्फ ही डी.सी. मोटर. आर्मेचर थांबलेले असते तेव्हा त्यात विरोधी दाब निर्माण होत नाही, त्यामुळे पहिल्याच क्षणी सर्वांत जास्त प्रवाह वाहतो आणि सर्वांत जास्त पीळ मिळतो. लहान पेट्रोल इंजिन फिरवताना शंभर ते दोनशे अँपिअर लागतात. या एका आकड्यावर पुढचे सगळे निदान उभे आहे. केबलच्या टोकाशी गंज चढून ०.०१ ओम अडथळा तयार झाला, तर १५० अँपिअरला तिथेच दीड व्होल्ट खर्च होतो आणि २२५ वॉट उष्णता होते. मीटर ओमवर ठेवून हीच केबल तपासली तर ती निर्दोष दिसेल, कारण मीटर जेमतेम काही मिलिअँपिअर सोडतो. एकच तार शाबूत असलेली केबलही या परीक्षेत पास होते!

तेव्हा मीटर व्होल्टवर ठेवावा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन कॉइलचा कनेक्टर काढलेला. उभ्या गाडीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. सेल मारताना ती साडेनऊच्या खाली गेली, तर आधी बॅटरीच संशयित. ती ठीक असेल तर एक टोक बॅटरीच्या धन खांबावर (क्लॅम्पवर नको, शिशाच्या खांबावरच) आणि दुसरे सेल्फवरच्या सॉलेनॉइडच्या, बॅटरीची केबल येते त्या जाड बोल्टवर लावून कुणाला तरी सेल मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली, तर दोष वाटेत आहे. मग ऋण खांब आणि सेल्फची बॉडी यांत तेच मोजावे. अर्थची पट्टी आपल्याकडे फार दुर्लक्षित राहते, आणि पावसाळ्यात दगा देते तीच.

आवाजही बोलतो. सॉलेनॉइडमध्ये दोन वेटोळी असतात: एक प्लंजर ओढणारे, एक धरून ठेवणारे. प्लंजर पुढे जाऊन तांब्याचे मुख्य संपर्क मिटले, की ओढणाऱ्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो आणि ते गप्प बसते. पुढचे काम धरणाऱ्याचे. बॅटरी अशक्त असेल तर संपर्क मिटताच मोटरच्या भाराने दाब कोसळतो, धरणाऱ्याची पकड सुटते, संपर्क उघडतात, दाब पुन्हा चढतो. म्हणूनच ‘टकटकटक’ ऐकू येते. एकच ठाम ‘टक्’ आला आणि बोल्टपर्यंत दाब पुरेसा असेल, तर संशय जळलेले संपर्क, झिजलेले कार्बन किंवा जाम झालेली मोटर यांवर. मोटर घर्र फिरते पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्सचा (पिनियन इंजिनला जोडणाऱ्या भागाचा) एकदिशा क्लच घसरतो आहे.

आता उतरवा, पण बॅटरीची ऋण केबल आधी काढून. नाहीतर पाना बॉडीला टेकला, की ठिणगी ठरलेली. उघडण्यापूर्वी कव्हर आणि बॉडीवर जुळणीची खूण करावी.

सर्वांत आधी मी आर्मेचरचा बाहेरचा पृष्ठभाग पाहतो. त्यावर एका पट्ट्यात घासल्याची चमक असेल, तर बुश झिजून शाफ्ट खाली बसला आहे आणि आर्मेचर चुंबकाला घासते आहे. अशा सेल्फमध्ये नुसते कार्बन बदलणे म्हणजे पैसे वाया. नवे सच्छिद्र कांस्य बुश बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवावे. कम्युटेटर आणि शाफ्ट यांच्यात मीटरने सलगता दाखवली, तर आर्मेचरचे इन्सुलेशन गेले. कम्युटेटर बारीक काचकागदाने साफ करावा. एमरी नको, तिचे कण खाचांत रुततात. पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या पातळीला आला असेल, तर हॅक्सॉच्या ब्लेडच्या तुकड्याने अर्धा मिलिमीटरभर खाली घ्यावा (मूळ बांधणीत तशी खाच असेल तरच). बेंडिक्सचा क्लच पेट्रोलमध्ये मात्र कधी बुडवू नये: आतले ग्रीस धुऊन जाते आणि चांगला भाग महिन्याभरात घसरू लागतो.

जोडल्यावर सेल्फ व्हाइसमध्ये घट्ट पकडूनच बॅटरी लावावी, कारण सुरू होताना तो हातातून उसळतो. पिनियन झटक्यात बाहेर यावा आणि चावीची तार सोडताच मागे जावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त चालवू नये, आणि पुन्हा लावण्याआधी बॉडीला हात लावून पाहावा.